बालेकिल्ला म्हणण्याआधी: सांगोल्याहून एक खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक, निवडणुकीच्या दौऱ्यावर येणारे वार्ताहर आणि निकालाच्या दिवशी पडद्यावर बसणारे सर्व विश्लेषक यांस,

स.न.वि.वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक. तालुका सांगोला, जिल्हा सोलापूर. महसुलाच्या कागदावर ‘सांगोले’, लोकांच्या तोंडी ‘सांगोला’, विधानसभेच्या यादीत क्रमांक 253, आणि तुमच्याकडे 2022 पासून ‘काय झाडीवाला मतदारसंघ’.

पत्राचं निमित्त तसं किरकोळ आहे. 2024 च्या विधानसभेचा प्रचार संपत आला होता. महूद रस्त्याला एका टपरीवर आम्ही चार-पाच जण चहा घेत होतो. एका वाहिनीची गाडी थांबली. वाहिनीचं नाव घेत नाही, कारण तासाभरानं आलेल्या दुसऱ्या गाडीनंही तेच केलं. गाडीतून उतरलेल्या मुलानं (मुलगाच म्हणतो, माझ्या विद्यार्थ्यांहूनही लहान होता) आधी टपरीमागचा लिंब हेरला, माझ्या नातवाला त्याच्याखाली उभं केलं आणि म्हणाला, “बाळा, तो ‘काय झाडी’वाला डायलॉग म्हण.” नातवानं म्हटला. मग माईक माझ्याकडे आला. “काका, हा शेकापचा, शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला. यंदा काय होणार?” मी बोलायला लागलो. घड्याळ पाहिलं नाही, पण चहावर साय धरली एवढा वेळ बोललो. रात्री दाखवलं तेव्हा नातू पुरता दिसला आणि माझं “पाण्याचं बघा ना आधी” एवढंच ऐकू आलं.

राहिलेलं बोलणं आता लिहून पाठवतो. तुम्हाला वेळ नसतो. मला पेन्शन आहे.

सुरुवात शब्दापासून करतो, जुनी खोड आहे. राजगडावर सहल नेली की मी पोरांना बालेकिल्ला दाखवायचो. गडाचा सगळ्यात उंच, सगळ्यात आतला भाग. आत किल्लेदार, भोवती तट, तटाला दगड. हल्ला व्हायचा तो बाहेरून. किल्लेदार कोण असावा हे दगडाला कुणी विचारत नाही. तुम्ही आमच्या तालुक्याला बालेकिल्ला म्हणता तेव्हा आम्ही त्या चित्रात दगड असतो. आम्हाला दगड व्हायचं नाही. आणि आमचा मतदानाचा इतिहास नीट वाचला तर आम्ही तसे कधी नव्हतोही.

इतिहास थोडक्यात असा. 1962 साली, महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, यशवंतराव चव्हाणांचा बोलबाला, आणि आमच्या दुष्काळी तालुक्यानं विधानसभेत पाठवला एक शेकापचा वकील. गणपतराव देशमुख. मूळचे इथलेही नव्हेत. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिलीसाठी सांगोल्यात आलेले. त्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे राज्यात 15 आमदार आले, त्यातले एक हे. पुढे 1967 ला पुन्हा. 1972 ला पडले. 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग 1978, 1980, 1985, 1990. 1995 ला पुन्हा पडले. मग 1999, 2004, 2009 आणि 2014. अकरा वेळा आमदार, एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून.

तुम्ही सांगता ते अकराच. मी मास्तर, मला गाळलेले आकडे आधी दिसतात. या काळात ते तेरा वेळा उभे राहिले आणि अकरा वेळा निवडून आले. शेकडा 85 च्या आतबाहेर. माझ्या वर्गात एवढे गुण मिळवणाऱ्या मुलाला मी हुशार म्हणायचो, पण उरलेले पंधरा कुठे गेले तेही विचारायचो. सांगोल्याची खरी ओळख त्या पंधरात आहे.

1972 घ्या. मार्चमधली निवडणूक. बांगलादेशचं युद्ध होऊन तीनच महिने झालेले, इंदिरा गांधींचं नाव घराघरात. काँग्रेसनं राज्यात 270 पैकी 222 जागा घेतल्या. त्या लाटेत आबासाहेब पडले (गणपतरावांना इकडे सगळे आबासाहेबच म्हणायचे). त्याच साली पावसानं दगा दिला आणि तो दुष्काळ पडला, ज्याची आठवण निघाली की आमच्या पिढीला अजून मिलो ज्वारीचा वास येतो. मी तेव्हा सतरा वर्षांचा. रोजगाराच्या कामावर खडी फोडत होतो. दुपारी सुकडी मिळायची, ती निम्मी खाऊन निम्मी धाकट्या भावासाठी फडक्यात बांधायची. दोन वर्षांनी पोटनिवडणूक लागली. माझ्या वडिलांनी 72 ला आबासाहेबांना मत दिलं नव्हतं, 74 ला दिलं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, “तवा इंदिराबाई हुत्या. आता दुस्काळ हाय.” राजकीय विश्लेषण म्हणून मला ते आजही पुरेसं वाटतं.

आता 1995. हे जरा सावकाश सांगतो, कारण यात मीही आहे.

ती मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या जमान्यातली निवडणूक. मतदान फेब्रुवारीत, मोजणी थेट मार्चमध्ये. मला निवडणुकीची ड्यूटी लागली करमाळा तालुक्यात. दोन मुक्कामांचं अंथरूण, मतपेट्या, लाख, सुतळी, शाईच्या बाटल्या, आणि गावोगाव माणसं सोडत जाणारी एसटी. ड्यूटीवरच्या माणसाला स्वतःच्या गावात मत देता येत नाही, म्हणून टपाली मतपत्रिका मिळते. मला मिळाली. मी तिच्यावर खूण केली, आतल्या पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं. सोबत एक घोषणापत्र असतं, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही लागते. आमचे मुख्याध्यापक काही राजपत्रित नव्हते. तहसील कचेरीत एक चक्कर मारली, साहेब बैठकीला गेलेले. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. मग शाळेचं स्नेहसंमेलन निघालं. मग बायकोच्या माहेरी लग्न. मतमोजणीला महिना होता म्हणून माणूस ढिला पडतो, तसा मी पडलो. पाकीट ट्रंकेत राहिलं.

मार्चमध्ये निकाल लागला. गणपतराव देशमुख पडले. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. फरक 192 मतांचा.

माझ्या एका पाकिटानं निकाल बदलला नसता, एवढं गणित मला येतं. पण त्या वेळी तालुक्यातले माझ्यासारखे किती मास्तर, किती ग्रामसेवक, किती तलाठी पेट्या घेऊन परगावी गेले होते? त्यांतल्या किती जणांची पाकिटं ट्रंकेत राहिली? वर्षभर मी ओळखीच्या माणसांना आडून विचारत होतो. तिघांनी कबूल केलं, दोघांनी विषय बदलला. त्यानंतरच्या एकाही निवडणुकीत माझं मत पडल्याशिवाय राहिलं नाही, आणि शाळेत ‘मतदानाचं महत्त्व’ या निबंधाचा विषय देणं मात्र मी बंद केलं.

192 मतांनी पडणाऱ्या तटाला तुम्ही बालेकिल्ला म्हणता. असो.

आता ती बाजू, जी पडद्यावर कधी येतच नाही. अकरा वेळा जिंकणाऱ्याची गोष्ट सगळ्यांनी सांगितली. हरणाऱ्याची कुणी सांगितली नाही. शहाजीबापू चिकमहूदचे. 1995 ला निवडून आले आणि दुसऱ्या विजयासाठी 2019 पर्यंत थांबले. चोवीस वर्षं. मधल्या काळात पुन्हा पुन्हा उभे राहिले, पुन्हा पुन्हा पडले, पक्ष बदलून पाहिले, काँग्रेसमधून शिवसेनेत गेले. 2014 ला शिवसेनेकडून उभे होते तेव्हा पंचवीस हजारांहून जास्त मतांनी पडले. मी त्यांचा मतदार आहे की नाही हे सांगणार नाही (घरात बायकोलाही सांगत नाही), पण हा माणूस दर वेळी मैदानात उतरला नसता तर आबासाहेबांच्या त्या अकराला काय किंमत राहिली असती? समोर पैलवान नसेल तर कुस्तीला फड म्हणत नाहीत. पन्नास वर्षं आमच्याकडे कुस्ती चितपट व्हायची, बिनविरोध नव्हे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आबासाहेब मंत्री झाले ते दोनदा. 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. दोन्ही वेळा जेमतेम काही वर्षं. बाकी सगळी हयात विरोधी बाकावर. म्हणजे सांगोल्यानं अर्धशतकभर बहुतेक वेळा जाणूनबुजून असा माणूस पाठवला, ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली नव्हती. सत्तेकडे तोंड करून मत देणारा मतदार म्हणून ग्रामीण महाराष्ट्राची जी ठरीव व्याख्या तुम्ही दर वेळी सांगता, तिच्यात हे बसत नाही. का पाठवलं? ते एसटीनं फिरायचे म्हणून, साधे राहायचे म्हणून, असं तुम्ही सांगता. ते खरंच आहे. स्टँडवर मी स्वतः त्यांना गर्दीत उभं पाहिलंय. पण साधा माणूस म्हणून कुणी अकरा वेळा मत देत नाही. साधी माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत.

मत पाण्याला होतं.

टपरीवर मी जे सांगत होतो ते हे. आमचा तालुका माणदेशात येतो. माण नदी नकाशावर निळी दिसते, पात्रात उतरलात तर बहुतेक महिने वाळू दिसेल. पाऊस येतो तो कुठून तरी उरलेला. धरणं दुसऱ्यांच्या तालुक्यात, आणि आमच्याकडे येतं ते कालव्याच्या शेवटचं पाणी. नीरा उजव्या कालव्याचं टोक आमच्या बाजूला. त्याला आम्ही ‘टेल’ म्हणतो. सगळा इंग्रजी शब्दकोश विसरलेल्या म्हाताऱ्यालाही हा एक शब्द येतो. “टेलला आलंय का?” एवढंच विचारायचं असतं. वरची गावं भिजवून, चोरून, मोटारी लावून उरलं तर टेलला येतं.

कृष्णेचं पाणी उचलून या तेरा दुष्काळी तालुक्यांना द्या, समान द्या, या मागणीसाठी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव देशमुख यांनी आटपाडीत वर्षानुवर्षं पाणी परिषदा घेतल्या. मी दोन-तीनदा गेलोय. मांडव, धूळ, लाल झेंडे, भाकरी बांधून आलेली माणसं, आणि भाषणात टीएमसी, उपसा, कालव्याचे किलोमीटर. घोषणा देणाऱ्या माणसाला टेंभूचं पाणी कोणत्या टप्प्याला किती उचलतात ते तोंडपाठ. कराडजवळून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवत आणणारी टेंभू योजना, मिरज तालुक्यातून येणारी म्हैसाळ योजना, ही नावं आमच्याकडे देवाच्या नावासारखी घेतली जातात. आणि देवासारखीच कधी पावतात, कधी नाही. पाणी यायला आयुष्यं गेली, अजूनही सगळीकडे आलेलं नाही. पण मत मागायला येणाऱ्याला प्रश्न काय विचारायचा हे त्या परिषदांनी तालुक्याला शिकवलं. सभेत उभा राहून एखादा धोतरवाला उमेदवाराला वितरिकेचा, म्हणजे कालव्याच्या फाट्याचा, नंबर विचारतो आणि उमेदवार घामाघूम होतो, हे तुम्ही कधी चित्रित केलंय?

त्या थोड्या पाण्यावर लोकांनी डाळिंब उभं केलं. अजनाळ्यासारख्या गावांनी तर माळावर बंगले बांधले ते डाळिंबाच्या पैशावर. 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली, ती सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून झेंडा दाखवला. तेव्हाही तुमच्या गाड्या आल्या होत्या. त्यानंतर बागांत खोडकिडा शिरला तेव्हा कुणी आलं नाही. माझी स्वतःची अडीचशे झाडं होती, भगवा वाण. एके दिवशी खोडाला टाचणीनं टोचावीत तशी भोकं दिसली, बुडाला बारीक भुसा. महिन्यात फांदी पिवळी, दोन महिन्यांत झाड उभंच्या उभं वाळलं. मुलानं जेसीबी लावून बाग काढली. काढलेली झाडं बांधाला रचली होती तो ढीग घराएवढा होता. तालुक्यात असे ढीग गावोगाव लागले. 2024 ला मतदार कशावर विचार करत होता हे शोधायला तुम्ही लिंबाच्या झाडाखाली उभं राहायला नको होतं, त्या ढिगापाशी जायला हवं होतं.

आता त्या झाडीचंही बोलून टाकतो. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा आमचे आमदार शहाजीबापू गुवाहाटीला होते. कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना म्हणाले, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. सगळा महाराष्ट्र हसला. राजकारण म्हणून तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा, माझंही त्यावर मत आहे. पण त्या वाक्यावर आमच्या तालुक्यातला म्हातारा माणूस तुमच्यासारखा हसला नाही. ज्याचं आयुष्य बाभळी आणि कुसळं बघण्यात गेलं, त्यानं आसामातले हिरवे डोंगर बघितल्यावर दुसरं काय म्हणावं? तो विनोद नव्हता. माणदेशी माणसाच्या तोंडून आपसूक निघालेलं ते खरं वाक्य होतं. तुम्ही त्याचं गाणं केलंत, रिंगटोन केलीत, आणि आमच्या पोरांना झाडाखाली उभं करून ते म्हणायला लावता.

2019 आणि 2024 या दोन निवडणुका शेजारी ठेवून वाचा, एवढंच माझं मागणं आहे. 2019 ला आबासाहेबांनी वयामुळे उभं राहायचं नाही ठरवलं. 1962 नंतर पहिल्यांदा सांगोल्याच्या विधानसभेच्या उमेदवारांत गणपतराव देशमुख हे नाव नव्हतं. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख शेकापकडून, शहाजीबापू शिवसेनेकडून. जवळ्याचे दीपकआबा साळुंखे त्या वेळी बापूंच्या बाजूला होते. दोघांना मिळून जवळपास दोन लाख मतं पडली आणि फरक पडला 768 चा. तालुक्यातली मतदान केंद्रं तीनशेच्या आसपास धरा, केंद्रामागे अडीच मतं. एका घरातला नवरा-बायको आणि पायाला प्लास्टर असलेली म्हातारी, एवढ्यांचा हा फरक. आबासाहेब तेव्हा हयात होते. आजोबांच्या नावावर नातवाला आयती गादी द्यायला तालुका तयार नव्हता, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. 30 जुलै 2021 ला ते गेले.

2024 ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख. लढत तिरंगी. शहाजीबापू शिंदेंच्या शिवसेनेकडून, दीपकआबा ठाकरेंच्या शिवसेनेकडून, म्हणजे शेकापला महाविकास आघाडीनंही जागा सोडली नव्हती. राज्यात महायुतीचा पूर आलेला, तीन मोठ्या पक्षांना मिळून 230 जागा. त्या पुरात सांगोल्यात शेकाप पंचवीस हजारांहून जास्त मतांनी निवडून आला. 1962 ला पंधरा आमदार असलेल्या पक्षाचा 2024 च्या विधानसभेत एकच आमदार आहे, आणि तो आमचा.

त्या संध्याकाळी तुम्ही काय म्हणालात? “शेकापनं बालेकिल्ला परत मिळवला.” आणि शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, “जातीय समीकरण.” हे समीकरण मला कुणीतरी फळ्यावर सोडवून दाखवावं. इथं धनगर समाज मोठा आहे, मराठा समाज मोठा आहे, हे काय आम्हाला माहीत नाही? मत देताना जात कुणाच्या मनात येत नाही असंही मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. पण 2014 ला पंचवीस हजारांनी एकीकडे, 2019 ला 768 नी दुसरीकडे, 2024 ला पुन्हा पंचवीस हजारांनी पहिल्याकडे. दहा वर्षांत कुणाची जात बदलली? जी संख्या स्थिर आहे तिनं हलणाऱ्या संख्येचं उत्तर देता येत नाही, हे सातवीच्या मुलाला कळतं.

घराणेशाहीवरही बोलतो, नाही तर म्हणाल मास्तर एका बाजूचा. आबासाहेबांनी आयुष्यभर पक्ष चालवला आणि शेवटी उमेदवारी घरातच राहिली, हे मला पटलं नाही. शेकापसारख्या पक्षात, जिथं दाभाडीच्या प्रबंधावर (पक्षाची वैचारिक दिशा मांडणाऱ्या जुन्या कागदावर) वाद घालणारी माणसं होती, तिथं तालुक्यात दुसरा माणूस तयार होऊ नये याचं वाईट वाटतं. तुम्ही आलात तर हा प्रश्न विचारा ना. त्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. त्याऐवजी तुम्ही ‘नातवानं आजोबांचा वारसा जपला’ म्हणून मागे सनई लावता.

पुढच्या वेळी येण्याआधी एवढं करा. निवडणूक अधिकाऱ्यांकडून निघणारा नमुना 20 असतो, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. आमच्या काळी सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायचे, कुठल्या गावानं काय केलं ते फक्त गावालाच माहीत. यंत्रं आल्यापासून तो कागद उघडा आहे. तो घेऊन बसा आणि शेजारी कालव्यांचा नकाशा ठेवा. 2009 पासून पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ आमच्या मतदारसंघात आहे. तिथं साखर कारखाना आहे, ऊस आहे, तिथल्या माणसाचा पाण्याचा प्रश्न वेगळा. इकडे जतच्या हद्दीला लागलेल्या गावांचा वेगळा. एका मतदारसंघात दोन पावसाळे आहेत म्हणा ना. आणि यायचं तर रविवारी या. रविवारी सांगोल्याचा जनावरांचा बाजार असतो. खिलार बैलाच्या दातांवर हात ठेवून वय सांगणारी माणसं तिथं भेटतील. त्यांना ‘हवा कुणाची’ विचारू नका, ती तुम्हालाच उलट विचारतील. त्यांना विचारा, औंदा वैरण काय भावानं घेतली. तिथून ती आपणहून मतावर येतील. वेळ लागेल, पण येतील.

आणि टपरीवर थांबलात तर चहा प्या. कॅमेरा गाडीत राहू द्या. माझं घर तिथून जवळ आहे. ती ट्रंक अजून आहे, पाकीटही आहे, डिंक सुकून कडा उघडल्या आहेत. हवं तर दाखवीन. आतल्या कागदावर खूण कुणापुढे केली होती, ते मात्र विचारू नका.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
सांगोला विधानसभा मतदारसंघ